झिजलेली ओळ

"जरा डावीकडून घ्या, सर. पूर्ण लेख दिसला पाहिजे," असे म्हणत त्याने आपला मोबाइल माझ्या हाती दिला. शिलालेख-अभ्यासकांच्या ऑनलाइन गटात तीन वर्षांपूर्वी भेटलेला हा मित्र आज प्रथमच माझ्या शहरात आला होता. सकाळपासून मी त्याला तट, तलाव आणि दोन देवळे दाखवली होती. प्रत्येक वास्तूकडे पाठ फिरवून त्याने स्वतःचे छायाचित्र काढले.

या गद्धेगाळासमोर मात्र तो गंभीर झाला. जुन्या काळी अशा दगडावर दानाचा मजकूर कोरत, खाली गाढव कोरत आणि दान बळकावणाऱ्याला शेवटी शिवी देत.

"मित्रहो, बारा वर्षे खपून मी हा लेख वाचला," तो कॅमेऱ्याला म्हणाला आणि मी त्याला विश्वासाने कळवलेले वाचन घडाघडा म्हणू लागला. ती बारा वर्षे माझी होती. माझा निबंध अद्याप छापलेला नव्हता, आणि सभ्यतेपोटी मी त्याला पहिल्या चारच ओळी कळवल्या होत्या.

मी चित्रण चालूच ठेवले. "पाचवी ओळ राहिली," एवढेच म्हणालो.

त्याने तिच्यावरून सराईतपणे बोट फिरवले. "ती पार झिजलीय, सर. कुणालाच वाचता येणार नाही."

ती ओळ सर्वांत खोल कोरलेली आहे. दुसऱ्याचे जो आपले म्हणवील, त्याच्या आईचा त्या गाढवाशी असलेला संबंध तीत निःसंदिग्ध शब्दांत नोंदवला आहे.

मी मोबाइल परत केला. "उत्तम झालंय. काही न कापता टाका."