निळा पेनड्राइव्ह

ओसमेलने निळा पेनड्राइव्ह कॉम्प्युटरच्या पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या पोर्टमध्ये घातला. पेनड्राइव्हचा दिवा लागला. पडद्यावर काहीच आलं नाही.

“मेला असेल तो,” एवेलियो म्हणाला. तो झुलत्या खुर्चीत बसला होता, पण खुर्ची हलत नव्हती.

“दिवा लागतोय, काका. मेलेला असा लुकलुकत नाही.”

बोलून गेल्यावर ओसमेलने जीभ चावली. एवेलियोच्या बायकोला, नेरेइदाकाकूला, जाऊन फार दिवस झाले नव्हते. तिची चप्पल अजून दाराशीच होती.

यानेलिस खाटेवर बॅग भरत होती. पेरूच्या वड्या तिने मोज्यांत कोंबल्या. संध्याकाळी हवानाला जाणारा ट्रक होता, तिथून विमान, मग ब्राझील. परत कधी, हे घरात कुणी विचारत नव्हतं.

आजारपणात नेरेइदाने लेकीसाठी तासभर बोलून या निळ्या पेनड्राइव्हवर ठेवलं होतं. मी गेल्यावर तिला दे, असं नवऱ्याला सांगितलं होतं. तिकीट हातात आलं त्या दिवशी एवेलियोने यानेलिसला ते सांगितलं. ती ऐकायला बसली, तर मशीन पेनड्राइव्ह ओळखेना. म्हणून आज तिने ओसमेलला बोलावलं होतं.

“मलाच द्या ना तो, पपा. तिकडे कुठेही उघडेल.”

“तो घरातून हलणार नाही. नक्कल ने.”

“बघ रे, कसे अडून बसलेत,” यानेलिस ओसमेलला म्हणाली. “तुझ्याकडे लावायलाही देत नाहीत.”

“आमच्या गल्लीत सकाळपासून लाईट कुठे आहे? इथलीही कधी जाईल, नेम नाही.”

ओसमेलने खिशातला स्वतःचा पेनड्राइव्ह लावला. तोही दिसेना. म्हणजे दोष मशीनचाच. मग त्याने त्याच पोर्टमध्ये माऊस लावला. माऊस झकास चालला. म्हणजे पोर्ट ठणठणीत.

“काका, पासवर्ड.”

एवेलियो उठून आला. एका बोटाने टाइप करताना दोनदा चुकला. शेवटी यानेलिसने त्याला हलकेच बाजूला केलं आणि आईचं नाव टाइप केलं.

पडद्यावरच्या काळ्या खिडकीत अक्षरं सरकली. ओसमेल वाचत गेला.

“गंमत आहे. दारात पाहुणा आलाय हे मशीनला कळतंय. त्याचं नावही माहीत आहे. पण ‘आत या’ म्हणत नाही. लिनक्स आहे ना हे? आणलं कुठून?”

“पपांच्या कचेरीने काढून टाकलेलं,” यानेलिस म्हणाली. “तिथली मशीनं पपाच सांभाळायचे. लोक कामाच्या वेळात पॅकेटमधल्या मालिका बघत बसायचे. मग साहेबाने सगळ्यांचे पेनड्राइव्ह बंद करायला लावले. अख्खी कचेरी पपांना शिव्या घालायची.”

“कॉफीलाही बोलवायचे नाहीत,” एवेलियो म्हणाला.

यानेलिस हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण मध्येच थांबली.

पॅकेट दर आठवड्याला यायचं. कोपऱ्यावरच्या माणसाला पेनड्राइव्ह दिला की तो नवे सिनेमे, मालिका, गाणी भरून द्यायचा. अख्ख्या ओल्गीन शहराची करमणूक त्यावर चालायची.

“राहू दे आता,” एवेलियो म्हणाला. “ट्रक चुकेल.”

“ट्रक कधी वेळेवर आलाय, पपा?” ती उठली. “मी कॉफी टाकते. ओसमेल, उघडलं की हाक मार. आणि मी रडले तर दात काढायचे नाहीत.”

“आधी साखर घाल, मग बघू.”

ती आत गेली. भांड्यांचा आवाज येऊ लागला.

ओसमेल एकेक फाईल उघडून बघत होता. पेनड्राइव्ह वाचणारा ड्रायव्हर सुरू करून पाहिला. मशीनने हूं की चूं केलं नाही, चूकसुद्धा दाखवली नाही. मग त्याला एका कोपऱ्यात एकाच ओळीची फाईल सापडली. तो ड्रायव्हर कुणी मागितला तर गप्प राहायचं, एवढाच त्या ओळीत हुकूम होता.

“काका, सापडलं! कचेरीचं कुलूप राहून गेलंय.”

एवेलियो जवळ येऊन उभा राहिला.

ओसमेलने ती ओळ पुसली आणि पेनड्राइव्ह काढून परत लावला. या वेळी लगेच खिडकी उघडली.

आत एका तुर्की मालिकेचे भाग होते. ओळीने सगळे. दुसरं काही नव्हतं. त्याने लपवलेल्या फाईली पाहिल्या, कचऱ्याची पेटी पाहिली. मग भागांवरच्या तारखा पाहिल्या. दफन झालं, त्याच आठवड्यातल्या होत्या.

“काका, हा दुसराच पेनड्राइव्ह दिसतोय.”

“तोच आहे.”

“मग काकूंचा आवाज?”

एवेलियोने स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“भेटायला बायका येत होत्या. नुसत्या बसून रडायच्या. त्यांच्यासमोर काहीतरी लावावं म्हणून पोरीने खणात हाताला आला तो पेनड्राइव्ह पॅकेटवाल्याकडे नेला. तो आधी सगळं पुसतो, मग भरतो. तिला काय माहीत, त्यावर काय होतं.”

“थोडंफार परत मिळतं का बघू या. कधी कधी मिळतं.”

“बघितलं. नाही मिळत. पोरीला सांगून बसलो, मग लावून पाहिला, तेव्हा हे कळलं.”

ओसमेलने हात मांडीवर ठेवले. आतून कॉफीचा वास आला.

“उघडलं का रे?” यानेलिसने विचारलं. “कपात ओततेय मी.”

“नाही गं,” एवेलियो मोठ्याने म्हणाला. “मशीनच गेलंय. तू तुझी बॅग आवर.”

मग तो ओसमेलच्या कानाशी वाकला.

“ती यायच्या आत ती ओळ परत लिही. मी लिहिली होती, तशीच.”