सावलीतलं हेलेबोर

घरामागच्या कोपऱ्यातल्या बर्फात मुलगा टेप घेऊन उभा होता. "आई, तूच म्हणाली होतीस, संक्रांतीपर्यंत फूल आलं नाही तर खुशाल फरशी घाल. आज संक्रांत आहे."

लीड्समधल्या त्या कोपऱ्यात ऊन कधी फिरकतच नसे. सावलीत वाढणारं, ऐन थंडीत फुलणारं हेलेबोर तिथे लावायचंच, असा मंदाकिनीबाईंचा हट्ट. पण तुळशीला घालावं तसं त्यालाही त्यांनी रोज आंघोळ झाली की तांब्याभर पाणी घातलं, आणि दोन रोपं मुळापासून कुजली.

तिसऱ्या रोपाच्या वेळी त्यांनी नेमच धरला, आभाळ देईल तेवढंच पाणी. तरी सवयीने रोज सकाळी भरला तांब्या घेऊन त्या दारापर्यंत जायच्या आणि मन मारून परत यायच्या.

आता बाई उकिडव्या बसल्या आणि हलक्या बोटांनी बर्फ बाजूला सारू लागल्या. खाली सात जांभळी फुलं माना लववून उभी होती. टवटवीत!

 मुलगा टेप गुंडाळू लागला.

"गुंडाळतोस कशाला?" बाई म्हणाल्या. "भिंतीपर्यंत मोज. अजून किती रोपं बसतील ते सांग."