आंदण आलेला हेल

एकाहत्तरच्या लगीनसराईत घरात आलेल्या सुनेचं, बनूचं, बाकी सगळं बरं होतं. बोलणं तेवढं लंकाबाईंना सोसत नव्हतं. बनू वाढली नगरकडच्या अकोले तालुक्यातल्या डोंगरात, ठाकर आदिवासींच्या पोरींबरोबर. त्यांच्यासारखाच शेवटाला हेल काढायची. “भाकर झालीऽऽ” म्हणाली, तरी झोका घेतल्यागत वाटायचं. सासरच्या गावच्या, सोनईच्या बायका पदराआड हसल्या, तशी लंकाबाईंनी तंबी दिली, “माझ्या घरात सरळ बोलायचं!”

बनू सरळ बोलू लागली. पण तिच्यासोबत आंदण आलेल्या डांगी गाईनं त्याच सांजेपासून पान्हा चोरला. पेंड घातली, दृष्ट काढली, शिव्याही देऊन झाल्या, थेंब नाही. शेवटी आसपास कुणी नाही असं बघून लंकाबाई स्वतःच चरवी घेऊन बसल्या आणि हळूच हेल काढला, “ये गंऽऽ माझे बायेऽऽ!”

गाईनं मान वळवून एकदा पाहिलं आणि चरवी लाथाडली. गोठ्याच्या दारात बनूला हसू आवरेना.

“दात काय काढतीस?” लुगडं झटकत लंकाबाई म्हणाल्या. “ये हिकडं, बोल तिच्यासंगं तुझ्या हेलात. अन् माझ्यासंगंबी तसंच बोल. सरळ बोलायला ह्या घरात मी एकटी बास हाय!”