मोठ्या मनाचा तिळगूळ

कलकत्त्यातली मराठी मंडळी संक्रांतीला जमली होती. तिळगूळ वाटताना त्र्यंबकरावांचे जुने साहेब त्यांच्यापुढे थांबले. इंग्रज गेले त्या साली खिदिरपूरच्या वखारीतून कापडाच्या गाठी लंपास झाल्या, त्याही साहेबांच्याच सहीने. आळ आला हाताखालच्या त्र्यंबकरावांवर. “कबुली द्या, नोकरी तरी वाचेल,” चौकशीत जो तो सांगे. त्यांनी दिली नाही, नोकरी गेली. तीन वर्षं शिकवण्यांवर घर चाललं, पण मान ताठ होती. आता साहेबांनी वाटीतला लाडू पुढे केला. “घ्या हो. चुकतो माणूस. मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय.” “काय मोठं मन!” बैठक गहिवरली. नको म्हणावं तर सणाचा तिळगूळ झिडकारला म्हणून आपणच खुनशी ठरणार. पत्नीने कोपराने ढोसलं. त्र्यंबकरावांनी मुकाट्याने लाडू तोंडात टाकला. चौकशीत न दिलेली कबुली चारचौघांत देऊन झाली. साहेब हसले. “आता गोड बोला.”