आठवड्याचा खर्च

निपाणीच्या तंबाखू वखारीत राबणारी तानीबाई दर गुरुवारी पगार घेऊन आली की सासूला आणि नवऱ्याला समोर बसवायची, आणि तिघं मिळून आठवड्याचा खर्च ठरवायची. त्या गुरुवारी नवऱ्यानं, देवाप्पानं, दारूला पाच रुपये मागितले.

"जोंधळं, रॉकेल आणि आत्तींचं औषध धरलं तर काय उरत न्हाय," तानीबाई म्हणाली.

देवाप्पानं तिच्या केसाला धरून डोकं भिंतीवर आपटलं. रक्त डोळ्यांत उतरलं. त्यानं परत हात उगारला, तशी सासू बायडाबाई उठली. तिनं चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि पोराच्या मनगटावर सगळ्या ताकदीनं हाणलं. हाड मोडल्याचा आवाज दोघींनीही ऐकला. देवाप्पा गुरासारखा ओरडत बाहेर पळाला.

कपाळावर पदर दाबून धरत तानीबाई म्हणाली, "आत्ती, पोटचा पोरगा हाय की ओ तुमचा!"

म्हातारीनं लाकूड परत चुलीत सारलं.

"व्हय गं. ह्याचा बा मला असाच बडवायचा, तवा एवढासा असून ह्योच मधी पडायचा."