पश्चिमेकडचा डाग

डाग आजही तिथेच होता.

घड्याळजींनी दुर्बिणीवरून डोळा काढला, रुमालाने पुसला आणि पुन्हा लावला. सूर्य मावळून तासभर झाला होता. पश्चिमेला, समोरच्या इमारतीच्या जरा वर, दोन मंद ताऱ्यांच्या खाली एक धुरकट ठिपका दिसत होता. आकाशाच्या नकाशात त्या जागी काहीही नव्हतं.

बावीस वर्षं हा माणूस धूमकेतू शोधत होता. दुकान बंद करायचं, गच्चीवर यायचं आणि क्षितिजापासून वर, केर काढावा तसं पट्ट्यापट्ट्याने आकाश झाडून काढायचं. बावीस वर्षांत हाती भोपळा. आपल्या नावाचा एक तरी धूमकेतू असावा, एवढीच काय ती हाव. तेव्हा आज त्यांनी गच्चीवर नाचायला हवं होतं. त्यांना मात्र दरदरून घाम फुटला होता.

वडिलांचं असंच सुरू झालं होतं, आणि तेही याच वयात. जिकडे बघावं तिकडे एक धुरकट डाग. वर्षभरात त्या डागाने समोरचं सगळं गिळून टाकलं. वडीलही घड्याळजीच. शेवटी शेवटी ते दुकानात येऊन नुसती टिकटिक ऐकत बसायचे.

डाग आकाशात आहे की आपल्या डोळ्यात? चार दिवस या प्रश्नाने घड्याळजींची झोप उडवली होती. दुर्बीण वळवली की तो जायचा, पण भेदरलेल्या मनाला तेवढं पुरत नव्हतं. दुसऱ्या डोळ्यानेही तो दिसत होता, पण वडिलांचे तरी दोन्ही डोळे बरोबरच गेले होते. रोज तो ताऱ्यांमधून किंचित सरकतोय असं वहीतली चित्रं सांगत होती, पण ती चित्रं काढणारे डोळे हेच. त्यांचा भरवसा कसा धरायचा? दुकानात चिमट्यातून एखादा बारीक स्क्रू निसटला तरी काळजात धस्स व्हायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या दारापर्यंत ते दोनदा जाऊन आले होते. आत जायची हिंमत झाली नव्हती.

आणि बायकोला संशय आला होता, याची त्यांना खात्रीच होती. हल्ली ती बोलताना त्यांच्याकडे बघतसुद्धा नसे.

"काही लपवताय का?" सकाळीच तिने दाराकडे बघत विचारलं होतं.

"कुठे काय."

परवा तर तिने सुई आणि दोरा त्यांच्या हातात ठेवला. "एवढा ओवून द्या." तीस वर्षांच्या संसारात हे काम त्यांच्याकडे कधी आलं नव्हतं. ही आपली परीक्षा घेतेय, हे त्यांनी ओळखलं. चौथ्या खेपेला कुठे दोरा आत गेला.

काल त्यांनी शेजारच्या पोस्टमास्तरांना वर बोलावलं. आता, मंद वस्तूची गंमत अशी की तिच्याकडे रोखून बघितलं तर ती दिसतच नाही. जरा बाजूला बघायचं, मग ती नजरेच्या कडेला उमटते. घड्याळजींना हे जमायला सहा महिने लागले होते. त्यांनी पोस्टमास्तरांना परोपरीने समजावलं. पण डोळा हट्टी. तो आपला मधोमधच जायचा.

"काळोख छान दिसतोय हो," पोस्टमास्तर म्हणाले आणि जेवायला निघून गेले. त्या रात्री घड्याळजींना घास गिळवला नाही.

म्हणजे आता उरली बायको. बावीस वर्षांत दुर्बिणीला तिने फक्त फडक्याने हात लावला होता. त्यांनी जिन्यातून हाक मारली. ती कठड्याला धरून सावकाश वर आली.

"काय बघायचंय?"

"ते मी सांगणार नाही. तुला दिसेल ते तू सांग." कसं बघायचं हेही त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही. आपले शब्द तिच्या तोंडी जायला नकोत.

ती वाकली. मान जरा हलली.

"दोन तारे आहेत. त्यांच्या खाली काहीतरी पुसट आहे. पाटीवरचा खडू नीट पुसला नाही की राहतो ना, तसं."

ही आपलं मन तर राखत नाही ना? त्यांनी न बोलता दुर्बीण भलतीकडे वळवली. "आता?"

"आता नाही काही."

पुन्हा पहिल्या जागी आणली, पण थोडी तिरपी. "आता?"

"आलं की. पण आता उजव्या कडेला."

घड्याळजी तिथेच, गच्चीच्या फरशीवर, मटकन बसले. हसू आणि रडू एकदमच आलं. मग चार दिवसांचं सगळं त्यांनी भडाभडा ओकून टाकलं. वडील, डाग, डॉक्टरांचं दार, सगळं. "मला वाटलं, माझे डोळे गेले गं. जीव अर्धा झाला होता."

ती त्यांच्याजवळ येऊन बसली. तिने त्यांचा हात हातात घेतला.

"वेधशाळेला आत्ताच कळवतो," ते डोळे पुसत म्हणाले. "साक्षीदार म्हणून तुझं नाव. पोस्टमास्तरांना अर्धा तास शिकवून जमलं नाही, आणि तू पहिल्याच फटक्यात कडेने बघितलंस. कसं काय?"

"सवय झालीय," ती म्हणाली. "उन्हाळ्यापासून सरळ बघितलं तर मला तुमचा चेहराही दिसत नाही."