पाच मिनिटं थांबा

सुप्याहून पारनेरला निघालेल्या गोरक्षच्या गाडीत लाल दिवा लागला तेव्हा दीड वाजला होता. रस्त्याकडेला पहिलं गॅरेज दिसलं, तिथंच त्यानं गाडी घातली.

"कूलंट कमी दावतंय," मेकॅनिक आत डोकावून म्हणाला. पस्तिशीचा, शांत माणूस. हात पुसून त्यानं सीटवरची पारदर्शक फाईल अलगद बाजूला ठेवली आणि बसून चावी फिरवून पाहिली. "पारनेरला व्हय?"

"तहसीलला. तीनच्या आत पोचायचंय. लवकर बघा."

"बघतो की. आधी इंजिन निवू द्या. गरमात झाकण खोललं तर उकळतं पाणी तोंडावर येतंय."

त्यानं सावलीत खुर्ची मांडली आणि चहा सांगायला गेला. परतला तो फोनवर बोलतच. "तू निवांत जेव, मावशी. गिऱ्हाईक हाय, तीनपर्यंत हितनं हलत न्हाई."

गोरक्ष खुर्चीत टेकला. फाईलमध्ये सरपंचपदाचा अर्ज होता आणि गावात त्याची कुणालाच कुणकुण नव्हती. यंदा आपण उभे राहत नाही, असं त्यानं स्वतःच पारावर सांगितलं होतं. छबूबाई एकटीच उमेदवार राहिली, लोकांनी गुलालसुद्धा आणून ठेवला. आणू देत! शेवटच्या घटकेला अर्ज टाकून तिच्या तोंडचा घास काढायचा होता. भर ग्रामसभेत या बाईनं विचारलं होतं, "पंचायतीची बोअर उपसरपंचाच्या शेतात कशी काय गेली?" उपसरपंच म्हणजे गोरक्ष. गाव खो खो हसलं. ते हसणं दोन वर्षं त्याच्या उरात जळत होतं.

तिची जिरवायची ही काही पहिली वेळ नव्हती. पाच वर्षांपूर्वी ती अर्ज भरायला निघाली होती. त्यासाठी थकबाकी नसल्याचा दाखला मागायला आली, तर त्यानं तिला पंचायतीच्या पायरीवर उन्हात बसवून ठेवलं. दर खेपेला उत्तर एकच, पाच मिनिटं थांबा. मुदत टळल्यावर दाखला हातात दिला. आठवून त्याला आत्ताही गुदगुल्या झाल्या.

दोन वाजले. मेकॅनिकनं झाकण उघडलं, पाईप काढला, उजेडात धरून फुंकून पाहिला.

"फुटलाय का?"

"बघावं लागंल. पाच मिनिटं."

सव्वादोनला पाईपाची क्लिप सैल निघाली. दुसरी क्लिप शोधता शोधता अडीच झाले. आता मात्र गोरक्षला घाम फुटला. कुणाला फोन करून गाडी मागवावी, तर बातमी त्याच्याआधी गावात पोचणार. त्यानं रस्त्यावर दोन टेम्पोंना हात केला, एकही थांबला नाही.

"तुमची मोटारसायकल द्या."

मेकॅनिकनं कोपऱ्याकडं बोट दाखवलं. तिचं पुढचं चाक काढलेलं होतं.

"अहो, किती वेळ लावता!"

"रागावू नका, साहेब. वाटंत इंजिन बसलं तर मलाच बोल लावाल. बसा तुमी, पाच मिनिटं."

तीन वाजून दोन मिनिटांनी पाईप बसला, कूलंट भरून झालं आणि दिवा विझला.

"काय झालं होतं?" गोरक्षनं दातओठ खात विचारलं.

"काय न्हाई. लिटरभर कूलंट कमी हुतं."

"मग त्याला दीड तास?"

तेवढ्यात बॉनेटवरचा फोन वाजला. मेकॅनिकचे हात माखलेले होते. त्यानं करंगळीनं स्पीकर लावला. पलीकडं हलगी कडाडत होती, आणि त्यावर ग्रामसभेत ऐकलेला तो छबूबाईचा खणखणीत आवाज.

"सुनील, तीन वाजले रं! दुसरा अर्ज आलाच न्हाई! आन् काय रं, त्या गोरक्षाला बसायला खुर्ची तरी दिलीस न्हवं?"